‘त्यालाच का?’ पुराच्या वर्षातला वर्ग आणि सवलतीचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसऱ्याच वर्षी असलेले एक शिक्षक लिहितात: ‘पाचवीचा वर्ग, पट ३१. सप्टेंबरच्या पुरात निम्म्या घरांत पाणी शिरलं. दिवाळीनंतर आठ मुलं आईबापांबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेली, सहा जण आजी-आजोबांकडे राहिले. कुणी रोज उशिरा येतं, कुणाचा गृहपाठ कधीच नसतो. एकाला सवलत दिली की दुसरा विचारतो, त्यालाच का? सगळ्यांना एकच नियम लावू की परिस्थिती बघून वागू? वर पाचवीची वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे.’

सर, माझी नोकरी २६ वर्षांची, सगळी बीड जिल्ह्यात, त्यातली बरीच सिंदफणेच्या काठच्या गावांत. दुष्काळात चारा छावणीवरून शेणाच्या वासासकट येणारी पोरं शिकवली. कोरोनात तीन घरांत मिळून एक मोबाइल असलेली वस्ती सांभाळली. तरी गेल्या सप्टेंबरात माझ्या हातून जे झालं ते आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

पाणी ओसरून दहा दिवस झाले होते. शहरातल्या एका मंडळानं मुलांसाठी सामान पाठवलं: दप्तर, सहा वह्या, कंपास पेटी. भली माणसं होती, स्वतः टेम्पोबरोबर आली होती. मी यादी केली. परिपाठ संपल्यावर पटांगणात उभी राहून ‘पूरग्रस्त विद्यार्थी’ म्हणत एकेक नाव वाचलं. मूल पुढं यायचं, सामान घ्यायचं, पाहुण्यांबरोबर फोटो. त्यात एक मुलगी होती, तिला आपण रेवती म्हणू. आठ एकराचं घर, दारात दोन म्हशी, गणपतीत वर्गणी देणाऱ्यांत नाव पहिलं. पुरात शेत खरवडून गेलं आणि म्हशीही गेल्या. रेवती आली, दप्तर घेतलं, फोटोत खाली बघत उभी राहिली. शाळा सुटली तेव्हा ते दप्तर बाकावर तसंच होतं. पुढचे चार दिवस ती आलीच नाही. पाचव्या दिवशी मी घरी गेले तर आजी ओट्यावरचा गाळ खरवडत बसली होती. मान वर न करता एवढंच म्हणाली, “बाई, तुम्ही आमचं नाव वाचलं.”

मी काही बोलू शकले नाही. चहा घेतला आणि परत आले.

सामानाची दुसरी खेप आली तेव्हा ते वर्गाच्या मागच्या कपाटात ठेवलं आणि कपाटाचं कुलूप काढून टाकलं. वह्या, पेन्सिली, खोडरबर, दोन-चार जुने स्वेटर. मुलांना सांगितलं, ज्याला लागेल त्यानं घ्यायचं, विचारायचं नाही, सांगायचंही नाही. साठा नोंदवहीत मी आठवड्याला फक्त संख्या लिहायची: वह्या इतक्या गेल्या, पेन्सिली इतक्या. देणाऱ्यांना फोटो हवा होता, त्यांना कपाटाचा फोटो पाठवला, पहिल्या दिवशी भरलेलं आणि तीन आठवड्यांनी अर्धं रिकामं. त्यांना पटलं. ज्यांच्या घरी पाण्याचा थेंब शिरला नव्हता अशा पोरांनीही वह्या उचलल्या का? उचलल्या. एकानं तर एकाच दिवशी तीन खोडरबर नेले. जाऊ द्या. तीन खोडरबर गेले, पण त्या कपाटाशी जायला रेवतीला लाज वाटली नाही, कारण तिथं सगळेच जात होते.

आता तुमचा प्रश्न. ‘त्यालाच का?’ हे मूल विचारतं कारण त्याला सवलत एका पोराच्या नावावर दिसते. माझा अनुभव असा की सवलत मुलाला देऊ नये, वेळापत्रकाला द्यावी. म्हणजे वर्गाची रचनाच अशी बदलायची की ज्याला गरज आहे त्याला ती आपोआप मिळेल, आणि त्यासाठी कुणाला हात वर करून आपल्या घरची अवस्था सांगावी लागणार नाही.

उशिरा येण्याचंच घ्या. माझ्याकडं एक पोरगा रोज अकराला यायचा. आधी मी त्याला दाराबाहेर पाच मिनिटं उभं करायचे. सगळ्यांना तोच नियम होता, त्यात अन्याय काय, असं मला वाटायचं. एक दिवस त्याच्या वाडीवरून येताना बघितलं: एका हाताला धाकटी बहीण, दुसऱ्या हातात तिचा डबा. आईबाप साखर कारखान्यावर ऊसतोडीला, आजीचे गुडघे गेलेले. तो बहिणीला अंगणवाडीत पोचवून, शेळी बांधून, मग शाळेत यायचा. नियम सगळ्यांना एक होता, पण त्याची शिक्षा रोज एकाच पोराला होत होती. एखादा नियम महिनाभर त्याच दोघा-तिघांच्या अंगावर पडत असेल, तर बघायचं ते पोरांकडं नव्हे, नियमाकडं. (आणि सर, मुलाला बाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर अपमान करणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मानसिक त्रास म्हणून बसतं. मला हे पाठ होतं. तरी मी करत होते.)

मग पहिला अर्धा तास बदलला. त्या वेळेत नवीन काही शिकवायचं नाही. गोष्टीची पुस्तकं, पाढे, जोडीनं वाचन, शुद्धलेखन. जो वेळेवर आला त्याचा वेळ वाया जात नाही, आणि उशिरा आलेला आत येतो, बसतो, शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावतो. नवीन भाग अकरानंतर. गणित मी आहाराच्या सुट्टीनंतर घेतलं. जुने गुरुजी म्हणतील गणित सकाळी ताज्या डोक्यानं घ्यावं. खरं आहे, पण त्या वर्षी निम्मी पोरं सकाळी चहा-बटरवर येत होती. ताजं डोकं कुठून आणणार? खिचडी पोटात गेल्यावर भागाकार जमायला लागले. शासनाच्या हिशेबात पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ असतो. काही पोरांचं दिवसातलं पोटभर जेवण तेवढंच होतं, आणि ती दुसऱ्यांदा वाढून मागत होती. स्वयंपाकीण ताईंना सांगून ठेवलं होतं की वाढताना ‘तुला परत?’ असं म्हणायचं नाही.

गृहपाठाचं तुम्ही विचारलंत. मी तो बंद केला नाही, जागा बदलली. शेवटची चाळीस मिनिटं ‘गृहपाठ वर्गातच’. ज्याला घरी करायचाय त्यानं घरी करावा. ज्याच्या घरी दिवा नाही, टेबल नाही, आजीची औषधं आणायचीत, त्याचा इथंच होऊन जातो. सगळ्यांना मुभा सारखीच, म्हणून ‘त्यालाच का’ हा प्रश्न उरला नाही. मात्र हुशार पोरांच्या दोन पालकांनी तक्रार केली की घरी अभ्यास नसतो. त्यांच्यासाठी वहीत वाढीव उदाहरणं लिहून द्यायला लागले. त्यांची मागणीही चूक नव्हती.

वाचनाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण अशा वर्षात सगळ्यात मोठी फट तिथं पडते आणि ती सगळ्यात उशिरा दिसते. पोरं फळ्यावरचं हुबेहूब उतरवतात, सामुदायिक वाचनात सूर धरतात, आणि आपल्याला वाटतं वाचतायत. एकेकाला जवळ बसवा. चार मिनिटं पुरतात. आधी चार ओळींचा सोपा परिच्छेद द्या. अडखळला तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. परिच्छेद जमला तर गोष्ट. प्रथम संस्थेमुळं ही पद्धत महाराष्ट्रात आता जुनी झाली आहे, तुमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) कुणी ना कुणी ती वापरली असेल. माझ्या पाचवीत ऑक्टोबरात २८ पैकी नऊ मुलं शब्दांवरच अडकलेली निघाली. त्यातली दोन तर माझ्या मते ‘चांगली’ मुलं होती.

रोज एक तास इयत्ता विसरून गट करा. तीन शिक्षक असाल तर तिसरी ते पाचवी एकत्र घेऊन तीन गट. गटांना पोरांनीच नावं द्यावीत. आमच्याकडं लिंब, बाभूळ आणि चिंच होते. अक्षरांवर असलेल्या गटाला शाळेतली सगळ्यात अनुभवी बाई हवी, नवीन आलेला किंवा सतत मीटिंगला जाणारा शिक्षक नको. आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा चार मिनिटं बसून गट हलवा. गट हलला नाही तर महिनाभरात बाभूळ म्हणजे ‘ढ’ हे सगळ्या गावाला कळतं.

तुमच्या भागात बंजारा तांडे आहेत, म्हणून एक गोष्ट. गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलणारं पोर ‘आई’ या शब्दाच्या चित्राकडं बघून ‘याडी’ म्हणालं तर ती चूक नाही. मी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहायचे. गप्प बसणारी एक मुलगी त्या दिवसापासून मला शब्द शिकवायला लागली, आणि शिकवता शिकवता वाचायलाही लागली.

आणखी एक चूक कबूल करते. पुरानंतर पहिल्या आठवड्यात फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला, ‘पूर: माझा अनुभव’. मनात होतं, पोरं मोकळी होतील. एका मुलानं तीन वाक्यं लिहिली: ‘पाणी आलं. म्हैस गेली. आई बोलत नाही.’ मी त्याखाली ‘आणखी लिही’ असं लाल पेननं लिहिलं. लाल पेननं! ती वही मी अजून ठेवली आहे. दुःख हा गृहपाठाचा विषय करू नका. मूल आपणहून सांगायला लागलं तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐका, मध्येच उपाय सांगू नका. आभाळ भरून आलं की आमची पोरं खिडकीकडं बघत बसायची. त्या वेळी ‘फळ्याकडं लक्ष द्या’ म्हणण्यापेक्षा मीच खिडकीशी जाऊन बघायचे आणि नदीला पाणी किती आहे ते सांगायचे. सरपंचांना फोन करून विचारायचे तेही पोरांसमोर. मग धडा पुढं जायचा. आणि कधी कधी पोरंच वाट काढतात: वर्गाच्या भिंतीवर पाण्याची गढूळ रेघ राहिली होती, ती त्यांनी मोजपट्टी लावून मोजली. १२७ सेंटिमीटर. मग कोण रेघेच्या वर, कोण खाली, यावरून दोन दिवस अपूर्णांक आणि वजाबाकी चालली. हसत चालली. विषय तोच होता, पण तो त्यांनी काढला होता.

आता कोयत्यावर गेलेली आठ मुलं. जाताना त्यांच्याकडं शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावं म्हणून शाळा देते ते) दिलं नसेल तर आताही पालकांच्या फोनवर फोटो काढून पाठवा, आणि ती ज्या कारखान्याच्या परिसरात आहेत तिथल्या जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करा. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे, पण तिथल्या सरांना ते फोनवर गोडीनं सांगावं लागतं. खोटं सांगत नाही, पत्रक दिलेली सगळी पोरं शाळेत जातात असं होत नाही. मुकादम टोळी हलवतो, कोपी (मजुरांची झोपडी) दुसऱ्या थळाला, म्हणजे तळावर जाते, मोठी मुलगी बाळ सांभाळायला कोपीतच राहते. पुढच्या वर्षासाठी आईबाप तोडीला गेल्यावर मुलं मागं राहू शकतील असं हंगामी वसतिगृह गावातच सुरू व्हावं म्हणून शाळा व्यवस्थापन समितीला कामाला लावा, पण ते दिवाळीच्या तोंडावर नव्हे, ऑगस्टमध्येच. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली की आईबाप ठरल्या दिवशी निघतात, मग आपला प्रस्ताव मंजूर झाला काय आणि न झाला काय.

तोवर नातं तुटू देऊ नका. मी रविवारी संध्याकाळी पालकांच्या फोनवर दोन मिनिटांची गोष्ट बोलून पाठवते. फोन मुकादमाकडं चार्जिंगला असतो, कधी उत्तर मंगळवारी येतं. एका पोरानं उसाच्या फडातून मला आवाज पाठवला, मागं ट्रॅक्टर धडधडतोय, आणि म्हणतो, “बाई, कोल्ह्याचं पुढं काय झालं?” हजेरी घेताना त्यांची नावं गाळू नका. आमच्या वर्गात ते नाव आलं की बाकीची पोरंच सांगतात, “कारखान्यावर.” मस्टरमध्ये जे लिहायचं ते नियमानं लिहा, पण वर्गातून ते मूल नाहीसं होऊ देऊ नका.

आणि ती परततात तेव्हा रिकाम्या हातानं येत नाहीत. पुस्तकातला गुणाकार ज्याला येत नव्हता त्या पोराला मी विचारलं, आईबापांनी काल किती तोडला? अडीच टन. मग किती झाले? ऊसतोडीचा दर तेव्हा ३६६ रुपये टन. तो भिंतीकडं बघत म्हणाला, “दोन टनाचे सातशे बत्तीस, वर अर्ध्याचे एकशे त्र्याऐंशी, नऊशे पंधरा.” कागद नाही, पेन्सिल नाही. मी त्याला तेच फळ्यावर उभ्या मांडणीत लिहून दाखवलं. तो बघतच राहिला की आपण हेच करत होतो होय!

परीक्षेचं. पाचवी आणि आठवीला आपल्याकडं २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात थांबावं लागतं. तुमची आठ मुलं कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर येणार, म्हणजे मार्च-एप्रिल. आजच मुख्याध्यापकांकडं लेखी टिपण द्या: या मुलांची नावं, त्यांची शेवटची वाचनपातळी, आणि निकालानंतर पुनर्परीक्षेपर्यंतच्या आठवड्यांत कोण कोणत्या विषयाची तयारी घेणार. ऐनवेळी ‘गैरहजर’ एवढाच शेरा पडला तर नंतर भांडायला हातात कागद नसतो.

परीक्षेबद्दल माझं मत यंदा जरा बदललं. सेवेतल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) सक्तीची करणारा सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल तुम्हाला माहीत आहे. तुम्ही टीईटी देऊन लागलात, आम्ही जुने तसे नाही. नोव्हेंबरात मी पन्नाशी ओलांडल्यावर परीक्षेच्या हॉलमध्ये बसले. १५० प्रश्न, १५० मिनिटं. पुरानंतरच्या मदतवाटपात अभ्यास झालाच नव्हता. पहिले तीन प्रश्न आले नाहीत आणि चौथा, जो मी रोज शिकवते, तोही डोळ्यांपुढं धूसर झाला. शेजारची मुलगी भराभर गोल काळे करत होती, त्याचा आवाजसुद्धा मला ऐकू यायला लागला. तेव्हा कळलं की माझ्या वर्गातली पोरं कोऱ्या पेपरकडं का बघत बसतात. आता मी चाचणी काढताना पहिले दोन प्रश्न असे ठेवते की वर्गातल्या शेवटच्या पोरालाही येतील. तिसऱ्यापासून खरी चाचणी. मुलांना हे सांगितलेलं नाही.

केंद्रप्रमुखांच्या ‘अभ्यासक्रम पूर्ण’ च्या आग्रहाबद्दल फार लिहीत नाही. कोणते घटक एकत्र केले, कोणते जूनसाठी ठेवले, याची एक पानी यादी मुख्याध्यापकांच्या सहीनं वहीत लावून ठेवा. यादी दाखवली की बहुतेक साहेब ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी खोटं पूर्ण दाखवू नका, पुढच्या वर्षीच्या बाईंना ते निस्तरावं लागतं.

राहिला एप्रिल. ट्रॅक्टर गावात शिरतील, पोरं काळी पडलेली, हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे. त्यांचे बाक त्यांच्या जागीच ठेवा, मागच्या रांगेत नवे देऊ नका. पहिल्या आठवड्यात कसलीही चाचणी नको. ‘इतके दिवस कुठं होतास?’ हेही विचारू नका, सगळ्या गावाला माहीत आहे. हजेरी घेताना त्याचं नाव येईल, तो ‘हजर’ म्हणेल, वर्ग हसून मागं वळेल. तुम्ही तिथं थांबू नका. पुढचं नाव घ्या.